डायोडची पांढरी पट्टी

आमच्या घरात डायोड शिकवणारा एकच माणूस आहे आणि डायोड उलटा बसवणाराही एकच. दोघंही माझाच चष्मा वापरतात.

मी नाशिकरोडला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वडील, म्हणजे आमचे आप्पा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात वायरमन होते. शिक्षण सातवी. पण कॉलनीतल्या विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः बनवलेला, आतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा हाताने तार गुंडाळून! तीस वर्षं दर बुद्धपौर्णिमेला ते त्यावरूनच वंदना घेत आले. आता दम लागतो, तरी म्हणाले, "यंदा शेवटची. मग पोरांना काय डीजे लावायचा तो लावू दे."

आदल्या दिवशी तपासायला म्हणून मी तो घरी आणला, स्पीकरला जोडला. दिवा लागला, आवाज नाही!

"आधी वायरी बघ," आप्पा खाटेवरून म्हणाले.

"आप्पा, असं अंदाजपंचे चालत नाही. पद्धतशीर जावं लागतं." (ऑनलाइन मागवलेला मल्टिमीटर तीन महिने खोक्यात पडून होता. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं!)

डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून चांगला डायोड मीटरवर एका बाजूने आकडा दाखवतो, टोकं उलटी केली की दाखवत नाही. इथे चारही डायोड दोन्ही बाजूंनी आकडे दाखवत होते.

"चारही उडाले!" मी जाहीर केलं. बारसं झाल्यासारखा आनंद झाला होता मला.

"अरे, जागेवर नको मोजू. डायोडचा एक पाय सोडवून मोज. मीटर बाकीच्या सर्किटातून फिरून येतो."

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. पण सातवी शिकलेल्या बापाने सांगितलं म्हणून एकच पाय सोडवायचा? मी चारही डायोड मुळासकट उपटले आणि मोजले. चारही ठणठणीत!

"मग लाव परत," आप्पा म्हणाले. "पट्टी बघून लाव."

डायोडच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते, तिच्यावरून दिशा कळते. तीन लावले आणि बायको सुनंदाने हाक मारली, "अहो, चहा निवतोय!" चौथा मी चहाच्या ओढीने लावला. बटण दाबताच फ्यूज उडाला.

"फ्यूजच कमजोर आहे," मी म्हणालो आणि त्यावर तांब्याची जाड तार गुंडाळली. (ही विद्या कुठल्याच पुस्तकात नाही. ती आपल्या रक्तातच असते.)

"फ्यूज उगाच नाय उडत रे! थांब..." आप्पा उठेपर्यंत मी बटण दाबलं होतं.

आधी घुर्रर्र झालं, मग वास आला, मग ट्रान्सफॉर्मरमधून धूर. सुनंदा धावत आली आणि प्लग ओढता ओढता तिला स्पीकरची वायर दिसली. "अहो, ही मागे नुसती लोंबतेय. कुठे लावायची असते?"

मीच जोडली होती. म्हणजे, जोडली नव्हती.

मला वाटलं, आप्पा आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गरम ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू चार वर्षांचा होता तेव्हा गुंडाळला होता. माझ्या मांडीवर बसून बघत होता."

सकाळी त्यांनी माइकशिवाय वंदना घेतली. आवाज तिसऱ्या रांगेपुढे गेला नाही. मागच्या बायका कानामागे हात धरून पुढे सरकत होत्या आणि मी चपलांपाशी उभा होतो. त्या सकाळची मला अजून लाज वाटते. शेवटची वंदना म्हणाले होते, आणि ती मी मुकी केली.

पुढच्याच रविवारी आप्पांनी तांब्याच्या तारेचं रीळ मागवलं. "अशी कशी शेवटची? निम्म्या लोकांना ऐकूच नाय आली." हात थरथरतात, पण तार गुंडाळतात तेच. मला सोल्डरगनला हात लावायची बंदी आहे. माझ्याकडे एकच काम दिलंय, वेढे मोजायचं.

काल चारशे बारापर्यंत छान आलो होतो. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, डायोड उलटा लावला तर काय होतं?" मी तब्बल दहा मिनिटं अधिकारवाणीने समजावलं.

फोन ठेवला. आप्पांनी विचारलं, "कितीवर होतो आपण?"

सगळी तार पुन्हा सोडली आहे. आता सुनंदा मोजते. मी चहा करतो.