बँकेतले पाव्हणे

कतारमधल्या दोहा शहरातल्या त्या बँकेनं बाजीरावाला ठेवलं होतं ते त्याच्या बी.कॉम.साठी नव्हे, त्याच्या जिभेसाठी. बँक युरोपातली. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या गोऱ्या कुटुंबाचा फोटो. गिऱ्हाईक मात्र प्लंबर, वेल्डर, ड्रायव्हर. पगार कंपनी परस्पर खात्यात टाकायची म्हणून दारातून आत आलेली ही माणसं चप्पल काढावी की ठेवावी या विचारात दोन मिनिटं तिथंच घुटमळायची.

बाजीराव त्यांना काउंटरवरनंच हाक मारी. कार्ड मागायच्या आधी गाव विचारी. मालवणकडचा निघाला तर, “काय रे, जेवलंस मा?” वऱ्हाडातला आला की, “काहून गा, एवढ्या उन्हात?” आणि आपल्या औसा तालुक्यातला कुणी भेटला तर बघायलाच नको. मग रांग थांबली तरी चालेल, पण गावातल्या देवळाचा कळस बसला का, सोयाबीनला भाव काय लागला, सगळं विचारून होई. माणसं त्याचा नंबर मोबाइलमध्ये ‘बँकेतले पाव्हणे’ म्हणून ठेवत. सत्यभामा, त्याची बायको, थट्टेनं म्हणायची, “तुम्हाला पगार बोलायचा मिळतो का हो? मग घरी येऊन मुके का होता?”

त्याला या गोष्टीचा अभिमान होता. असायलाच हवा होता. परक्या मुलखात माणसाला आपली बोली ऐकू आली की त्याचे ताठलेले खांदे कसे खाली येतात, हे त्यानं रोज बघितलं होतं.

राजाभाऊ त्यातलाच. किल्लारीकडचा, एसीचा मेकॅनिक, बोलायला तिखट. पहिल्याच भेटीत बाजीरावाचा टाय बघून म्हणाला होता, “पाव्हनं, गळ्यात दावं कुनी बांदलं?” तेव्हापासून दोघांचं जमलं. बाजीराव शहरातल्या अल मन्सूरा भागात राहायचा. राजाभाऊ शुक्रवारी त्या बाजूला किराणा घ्यायला आला की चहाला थांबायचा.

त्या उन्हाळ्यात राजाभाऊचा जोडीदार गच्चीवर काम करता करता कोसळला आणि उठलाच नाही. कंपनी म्हणाली, हृदयाचा आजार होता. राजाभाऊनं तिथंच उभं राहून व्हिडिओ काढला होता. वर तळपणारं ऊन, खाली पडलेला माणूस, आणि फोनवर “यल्ला, चला, काम सुरू करा” म्हणणारा सुपरवायझर. मोडक्यातोडक्या हिंदीत दोन वाक्यं बोलून त्यानं तो व्हिडिओ मोबाइलवरून सगळ्यांना पाठवून दिला. बघता बघता तो सगळीकडे पोचला. मग कुणीतरी राजाभाऊला सांगितलं, तुझी चौकशी चाललीय. त्यानं खोली सोडली, नंबर बदलला, आणि शहराबाहेर समैस्मा गावात एका व्हिलावर माळीकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जाऊन राहिला. नवा नंबर त्यानं फक्त घरी दिला. आणि बाजीरावाला. बँकेचा ओटीपी यायला हवा ना!

एका सकाळी मॅनेजर ग्रेगरीसाहेबानं बाजीरावाला केबिनमध्ये बोलावलं. आत पांढरेशुभ्र थोब, म्हणजे अरबी पायघोळ झगे, घातलेले दोघं कॉफी पीत बसले होते. सभ्य माणसं. बाजीरावाला बघून त्यांनी सलामही केला.

ग्रेगरीसाहेबाच्या देशात म्हणे कोर्टाचा कागद दाखवल्याशिवाय पोलिसाला गिऱ्हाइकाचं नावसुद्धा सांगत नाहीत. तो हे पार्टीत छाती फुगवून सांगायचा. पण इथला परवाना इथल्या सरकारच्या हातात, आणि वरून नुसता फोन आला तरी त्याचा आवाज भिजल्या पापडासारखा व्हायचा. आज तर माणसंच येऊन बसली होती, कागदाशिवाय.

“आपण इथं पाहुणे आहोत, बाजी,” तो पडद्यावरचं राजाभाऊचं खातं दाखवत इंग्रजीत म्हणाला. “घरमालकाचे नियम पाळायचे. या गिऱ्हाइकाचं कार्ड आपण बंद केलंय. तो बँकेचा नंबर उचलत नाही. तुझा उचलेल. सही करायला स्वतः यायला लागेल, एवढंच सांग. यांना त्याच्याशी थोडं बोलायचंय.”

“सर, हे...”

“तुझ्या व्हिसाचं नूतनीकरण माझ्याच टेबलावर आहे,” साहेब म्हणाला. धमकी दिल्यासारखा नव्हे, सहज, आठवण करून दिल्यासारखा.

बाजीरावाला घर दिसलं. सत्यभामा दिसली, पोरगी अंतरा दिसली, तिची इंग्रजी शाळा दिसली. त्यानं खिशातून स्वतःचा मोबाइल काढला.

“हॅलो पाव्हनं!” पहिल्याच रिंगला राजाभाऊचा आवाज आला. “बरं झालं बगा फोन केलाव. कालपासनं कार्डच चालनाय.”

“हां, त्येच्यासाठीच केलाय,” बाजीराव म्हणाला. बोली आपोआप आली. “सही लागती तुमची. उद्या या की बँकेत.”

 पलीकडे मागं कुठंतरी पाण्याच्या पाइपाचा आवाज होता.

“येऊ म्हनताव?” राजाभाऊ हळू आवाजात म्हणाला. “काई भानगड न्हाई नव्हं? तुमी म्हनत असाल तर येतो. दुसऱ्या कुनाचं असतं तर आलोच नसतो.”

आता एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या केबिनमध्ये मराठी कुणालाच कळत नव्हती. थोबवाल्यांना नाही, ग्रेगरीसाहेबाला नाही. बँकेचा फोन रेकॉर्ड होतो, पण हा बाजीरावाचा स्वतःचा होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, त्याच गोड आवाजात तो म्हणू शकला असता, ‘भाऊ, येऊ नको, तसाच निघ, वकिलातीत जा.’ साहेबाला वाटलं असतं, गावाकडच्या गप्पा चालल्यात. उद्या राजाभाऊ आला नसता, तर बाजीरावानं खांदे उडवले असते. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं.

हे सगळं त्याच्या ध्यानात आलं. नंतर नव्हे, तेव्हाच आलं. शब्द जिभेवर येऊन बसले होते.

“कसली भानगड, भाऊ?” तो म्हणाला. “मी हाय की हितं.”

राजाभाऊ दुसऱ्या दिवशी आला. ओळखीच्या पिकअपमधून, इस्त्रीचा शर्ट घालून. काउंटरवर त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पुडा ठेवला. “वैनीला द्या. काळा मसाला हाय. आमच्या घरनं, बबीतानं धाडलाय गावाकडनं आलेल्या मानसासंगं. म्हनली, पाव्हन्यांना अर्धा द्या.”

बाजीरावानं पुडा उचलून टेबलाखाली ठेवला. “बसा,” म्हणाला.  रोज ज्याची जीभ थांबत नव्हती, त्याला गाव विचारायचंही सुचलं नाही.

ते दोघं थोबवाले केबिनमधून आले. ओरडले नाहीत, हात धरला नाही. एकानं राजाभाऊच्या पाठीवर हलकेच पंजा ठेवला आणि बाजूच्या दाराकडे खूण केली. राजाभाऊला आधी काही कळलंच नाही. तो अर्धवट हसत बाजीरावाकडे वळला.

“पाव्हनं, काय म्हनायलेत हे? जरा सांगा की ह्यांना इंग्रजीत. मी पळून चाललेला मानूस न्हाई. तुमीच बोलावलंय म्हनावं.”

बाजीरावानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर खिळवली. तिथं काहीच नव्हतं, बँकेचं बोधचिन्ह गोल गोल फिरत होतं.

“पाव्हनं?” राजाभाऊ परत म्हणाला.

मग दार मिटल्याचा आवाज आला. ग्रेगरीसाहेब येऊन हळूच म्हणाला, “खलास. छान हाताळलंस.” आणि त्याला लवकर घरी जायची मुभा दिली.

शुक्रवारी दुपारी सत्यभामेनं वांग्याची भाजी केली. “कुणी दिला म्हणायचा हा मसाला? अगदी आपल्याकडचा वास!”

“एका गिऱ्हाइकानं.”

अंतरा तोंडानं हाशहुश करत “टू स्पायसी, पप्पा” म्हणाली आणि दही घेऊन आत गेली. बाजीरावानं घास घेतला. तो गिळेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्यभामा हसली, “इथं राहून तुमचीही जीभ साहेबाची झाली.”

तेवढ्यात फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर.

“पाव्हनंच बोलायलाव ना?” बाईचा आवाज होता. “मी बबीता. राजाभाऊच्या घरनं. त्यांचा फोन बंद हाय, आज चौथा दिवस. त्यांनी सांगून ठिवलंय, काई झालं तर पाव्हन्यांना लाव. म्हनून लावला.”

बाजीराव ताटावरून उठला. खिडकीपाशी गेला. “ताई,” तो म्हणाला, आणि कसं कोण जाणे, एकदाचं तोंडातून निघालं, “मीच बोलावलं होतं त्यांना बँकेत.”

“म्हाईत हाय की!” ती म्हणाली. “तुमचा फोन आला म्हनूनच उटले ते. मला म्हनले, पाव्हनं हायेत, आता कार्ड चालू होतंय. मग तितनं कुनी नेलं का त्यांना? पिकअपवाला म्हनतो, भायेर आलेच न्हाईत.”

“नेलं, ताई. मी तिथंच होतो.”

तो पुढचं बोलणार होता. ‘मला माहीत होतं’, एवढंच सांगायचं राहिलं होतं. तीन शब्द.

पण पलीकडून हुंदका आला, आणि हुंदक्यातच बबीता म्हणाली, “तुमी होताव म्हनून तरी बरं. तुमी बोलला असताल की त्यांच्याशी. सोडवायला गेला असताल ना, दादा?”

बाजीरावाचा आवाज बदलला. गोड झाला, गावाकडचा झाला, खांदे खाली आणणारा झाला. त्यानं तो बदलला नव्हता. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो आपला आपण आला.

“हां, सोडवायला गेल्तो की,” तो म्हणाला. “रडू नगा. मी हाय की हितं.”

“तुमचं बोलनं ऐकलं अन् जिवात जीव आला,” बबीता म्हणाली, आणि त्याला, सत्यभामेला, पोरीला सगळ्यांना आशीर्वाद देऊन तिनं फोन ठेवला.

बाजीराव वळला. सत्यभामा हातातली भाकरी तशीच धरून मागं उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, जसं अनोळखी माणूस दारात आल्यावर बघतात.

“कुणाला सोडवायला गेला होता तुम्ही?” तिनं विचारलं.

“कुणालाच नाही,” बाजीराव म्हणाला.