तिघांचं बुकिंग

उज्जैनमध्ये राहणाऱ्या माणसाला लाइनीचं कोणी काही शिकवू नये. पुण्या-नागपूरहून पाहुणे आले की महाकालाचं दर्शन आलंच, आणि दर्शन म्हटलं की आमचा दादा. कुठल्या वारी जायचं, कुठून शिरायचं, ऑनलाइन पास कधी काढायचा, सगळं त्याला तोंडपाठ. त्याचा पहिला नियम, चपला गाडीतच काढायच्या. चप्पल-स्टँडवर जो थांबला तो गेला कामातून. दुसरा नियम तो बोलून दाखवत नसे, पण होता: आई बाहेर थांबणार, सामान घेऊन. कार्तिक मेळ्यातसुद्धा आम्ही आकाशपाळण्यात आणि ती खाली, दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवून.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं हट्ट धरला म्हणून आम्ही इंदूरच्या पुढच्या एका मोठ्या पार्कात जायचं ठरवलं. दादा, आई, मुलगी आणि मी. तिथं मोठ्या राइड्सना मोबाइलवरून आधी वेळ बुक केली की लाइन लावावी लागत नाही, हे कळल्यावर दादाच्या अंगात आलं. आठवडाभर तो रोज ऑफिसातून फोन करून नवा प्लॅन ऐकवत होता. रोलर कोस्टरचा अकराचा स्लॉट मिळाला तेव्हा तर त्यानं पेढे आणले.

निघायच्या दिवशी उज्जैनच्या नानाखेडा भागात आमच्या दारात आई सलवार-कुर्त्यात उभी! जन्मभर साडी नेसलेली बाई. खाली सकाळच्या फिरण्याचे कॅनव्हासचे बूट, नाड्या करकचून बांधलेल्या.

"हे काय गं आई?" मी विचारलं.

"मला रोलर कोस्टरमध्ये बसायचंय," ती म्हणाली. "मेळ्यात खालून बघून बघून मान दुखली माझी."

दादानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग हळूच म्हणाला, "अगं, बुकिंग तिघांचंच आहे. सामानाजवळ कोणीतरी हवं ना."

माझं डोकंच फिरलं. इंदूरच्या वाटेवरचं सांवेर येईपर्यंत मी त्याला फाडून खाल्लं. माझ्या जागी आईला बसव म्हटलं, तर म्हणे तिचं बीपी. "माझं बीपी तुझ्यापेक्षा बरं आहे," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "जाऊ दे. भांडू नका. मी बसते बाकावर." तिचा तो आवाज ऐकून मला रडूच आलं.

पार्किंगला गाडी लागली तेव्हा अकराला थोडाच वेळ होता. "चला चला, चपला गाडीतच!" दादा ओरडला, आणि आम्ही सवयीनं पायातलं काढून पळत सुटलो. दादा पुढे, हातात मोबाइल. फरशी गार लागत होती, पण हे देऊळ नव्हे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये! मागून आई पिशव्या सावरत येत होती.

लांबलचक लाइनीच्या बाजूनं आम्ही ऐटीत पुढे गेलो. दादानं मोबाइल दाखवला. राइडवरच्या माणसानं आमच्या पायांकडे बघितलं.

"नंगे पैर नहीं बैठ सकते, सर. जूते-चप्पल कहाँ हैं?"

"गाड़ी में," दादा म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "भैया, एडजस्ट कर लो ना. उज्जैन से आए हैं."

"तो क्या यहाँ भी दर्शन करने आए हैं?"

लाइनीतली माणसं खो खो हसली. माझी मुलगी तर माझ्यामागे लपली. तेवढ्यात त्या माणसाची नजर बाकावरच्या आईकडे गेली. "अम्माजी आपके साथ हैं? वो आ सकती हैं."

आईच्या पायात बूट होते. असणारच. चपला काढायची वेळ आमची, ती तर कायम बाहेर थांबणारी. तिनं एक पिशवी दादाच्या खांद्याला अडकवली, दुसरी माझ्या हातात दिली, पाण्याची बाटली नातीकडे. बीपीवाल्यांनी बसू नये अशी तिथली पाटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली, "हमें कुछ नहीं है," म्हणाली आणि पहिल्या डब्यात जाऊन बसली.

डबा वर चढला तसं मी पिशवी छातीशी घट्ट धरली. दादानं डोळेच मिटले. मग ती खाली सुटली, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात मला आईचा आवाज ओळखू आला. ती घाबरून ओरडत नव्हती. मजेत ओरडत होती. इतकी वर्षं हा आवाज तिच्याजवळ होता आणि आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता.

ती उतरली तेव्हा अंबाडा सुटलेला, गाल लाल. दादा पिशव्यांसकट धावला. "आई, बरं वाटतंय ना? बस, पाणी पी."

"पाणी नंतर," आई केस बांधत म्हणाली. "बुकिंग तिघांचं होतं ना? मग माझ्या अजून दोन फेऱ्या बाकी आहेत."

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. मग पिशव्या नीट खांद्यावर घेतल्या आणि त्या माणसाकडे वळला. "भैया, एक मिनट, सुनो ना..."