गजाननाचं नाव मी पुसलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि आता सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. चोरी म्हणू? पण जी वस्तू मालकानंच सगळ्यांसाठी ठेवली होती, ती उचलली तर चोरी होते का?

गजानन माझा बुलढाण्याच्या कॉलेजातला मित्र. घरची जळगाव जामोदकडे वांगी-मिरचीची शेती, आणि हा तिथेच कॉम्प्युटर शिकवतो. प्रोग्राम लिहिताना मुलं कंस बंद करायला विसरतात. कॉम्प्युटर चूक दाखवतो ती भलत्याच ओळीत, आणि पोरं तिथेच डोकं आपटत बसतात. गजाननानं त्यावर एक सॉफ्टवेअर लिहिलं — कंस विसरलेली जागा नेमकी दाखवणारं, तेही मराठीत. सगळा कोड इंटरनेटवर खुला ठेवला. कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. अट एकच, मूळ लिहिणाऱ्याचं नाव आत राहू द्या. "वांग्याची रोपं उरली का आमी बांधावर ठेवतो. ज्याले लागन तो नेते," असं तो म्हणायचा.

मी नेलं. वरून दिसायला छान केलं, कोड बंद केला आणि कॉलेजांना विकायला लागलो. इथवर सगळं रीतसरच होतं! मग नाव का पुसलं? ते कुणाच्या नजरेसही पडलं नसतं. 'यात तुमचं काय?' असं गिऱ्हाईक विचारील, ही भीती होती? की ते नाव वाचून मलाच खुपत होतं? माहीत नाही — खरंच माहीत नाही. एका दुपारी ती ओळ खोडली, माझं नाव लिहिलं आणि चहा प्यायला गेलो.

पुढे गजाननानं माझं सॉफ्टवेअर पाहिलं. तो चिडेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तो तर खूश! कोड बंद — आत आपलाच कोड आहे हे त्याला कसं दिसणार?

"अबे, याले तो कंस इतका बराबर कसा सापडते? माह्यं तर कधी कधी चुकते."

माझंही चुकायचं. तिथेच, तसंच. मी म्हणालो, ते धंद्याचं गुपित आहे.

"हाव, तुही मेहनत हाय," तो म्हणाला. मग पुढे, "माह्यं कोन वापरन आता? काढून टाकतो."

थांब म्हणायला तोंड उघडलं होतं मी. निघालं काय — "तुझी मर्जी." वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं, कारण मूळ कोड गेला की ताडून पाहायला काही उरत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं?

त्यानं काढून टाकलं. त्यानंतर नवं काही लिहिलं नाही. विचारलं की हसतो, "आपलं डोकं तेवढं नाही बे." वर्गात माझंच सॉफ्टवेअर वापरतो.

मध्यंतरी त्यानं मला त्याच्या मुलांपुढे बोलायला बोलावलं. एका मुलीनं विचारलं, सर, हे तुम्हाला सुचलं कसं? गजाननही खुर्ची ओढून ऐकायला बसला. मी एक गोष्ट रचली, आणि चांगली रंगवून सांगितली. सगळ्यांत आधी टाळ्या गजाननानं वाजवल्या.