दिगंबर मिस्त्री आणि फुगलेली भिंत

दिगंबर मिस्त्री आमच्या दवाखान्याच्या गाडीची भिंत तपासायला यायचे ते ऐन दुपारी. बाकीचे कारागीर सावली शोधत असत तेव्हा हा गृहस्थ बदनापूरहून एसटीने घामाघूम होऊन हजर. "उन्हं उतरल्यावर या की," म्हटलं तर म्हणायचे, "सिस्टर, भिंतीचं दुखणं उन्हातच कळतं. संध्याकाळी समद्याच भिंती सरळ असत्यात."

आमचा फिरता दवाखाना, म्हणजे जीपमागे ओढायची चाकांवरची खोली, त्यांनीच बांधला होता. त्यात गरोदर बायांना तपासत आम्ही गावोगाव फिरायचो. मिस्त्री कामात कडक, बोलण्यात तिरकस. ड्रायव्हरने एकदा फुगलेल्या पत्र्यावर खिळा ठोकला, तर म्हणाले, "पोट फुगलं तर पट्टा आवळून बरं होतं का रे?"

गेल्या मे महिन्यात टेंभुर्णीत तीच भिंत टम्म फुगली. संध्याकाळी बसायची, दुपारी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावलं. बोट वाकवून ठकठक करत ते खिडकीपासून छतापर्यंत गेले. सगळीकडे पोकळ आवाज. आतून त्याच भिंतीवर ऑक्सिजनचा सिलिंडर टांगलेला आणि खाली तपासणीचा पलंग.

"गाडी हलणार न्हाई," मिस्त्री म्हणाले.

आमच्या गाडीवरचे डॉक्टर भडकले. राजूरला बाया सकाळपासून ताटकळत होत्या. "मिस्त्री, नव्या गाडीचं काम तुम्हालाच द्यायचं ठरलंय. उगाच घाबरवू नका. आल्यावर बघू."

मिस्त्रींनी पत्र्याची कड उचकटली. आतला प्लाय कुजून काळा पडला होता. सिलिंडरच्या पट्टीचा स्क्रू त्यांनी दोन बोटांनी ओढला, तो भुशासकट हातात आला. सकाळीच त्या पलंगावर मी दिवस भरलेली एक पोर झोपवली होती.

"तुझ्या खिळ्यानं पाणी शिरलं!" डॉक्टर ड्रायव्हरवर धावले. तो बिचारा पांढराफटक पडला.

मिस्त्री गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण ते मध्ये आले. "त्याला काय बोलू नका, साहेब. चूक माझी हाय, मीच सांगून राह्यलो. जल्दीत भर उन्हात पत्रा चिकटवायचं सोल्युशन लावलं. पत्रा बसायच्या आत ते वाळलं, मंग फटीतून पाणी गेलं."

नव्या गाडीचं काम तिथल्या तिथे गेलं. आम्ही नुसती औषधांची पेटी घेऊन जीपने राजूरला निघालो. सिलिंडर खाली उतरवून मिस्त्री स्टँडकडे चालू लागले. मी रागाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

दिवाळीच्या आधी ते वारल्याचं कळलं. मला अजून बोचतं ते एवढंच, की त्या उन्हात मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.