घासून काढलेली नावं

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, नवनाथ काळोखे इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, तेव्हा त्याला पहिला धडा मिळाला तो नावाचा. टूलरूमचे खंडू मिस्त्री यांनी त्याच्या हातात अक्षरांचे पंच ठेवले आणि सांगितलं, प्रत्येक पान्यावर, प्रत्येक पकडीवर नाव ठोक. ज्याच्यावर नाव नाही ते तुझं नाही.

टूलरूमच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक ट्रे असायचा. काम सोडून गेलेल्या, निवृत्त झालेल्या माणसांची मागे राहिलेली हत्यारं त्यात पडत. ज्याला गरज असेल त्यानं उचलावं, ग्राइंडरवर जुनं नाव घासावं आणि आपलं ठोकावं. कुणाला विचारायचं कारण नाही. पण माणूस कामावर असताना त्याच्या हत्यारावरचं नाव घासणं ही चोरी. तसं एकानं केलं होतं. मालकांनी त्याला काढलं नाही. लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, म्हणून तो आपणहून गेला.

नवनाथ हे सगळं जाणून होता. म्हणूनच पुढं जे घडलं ते त्याला जास्त लागलं.

शॉपमध्ये रोज सकाळच्या मीटिंगला भांडण ठरलेलं. प्रेस बंद का राहिली? ऑपरेटर म्हणायचा, इलेक्ट्रिशियन उशिरा आला. नवनाथ म्हणायचा, डाय, म्हणजे साचा, बसवायलाच वेळ गेला. फळ्यावर खडूनं लिहिलेला बंद वेळेचा आकडा कुणाचीच बाजू घेत नसे. शेवटी नवनाथच्या मनात आलं की प्रेसनंच सांगावं. त्यानं प्रत्येक प्रेसवर सेन्सर बसवले. सुट्टीच्या दिवशी, तेलानं बरबटलेल्या फरशीवर पालथं पडून, प्रेसच्या मागून वायरी ओढल्या. कोपरं सोलली. ते काम त्याचं होतं, त्यात कुणाचा वाटा नव्हता.

पण सेन्सरनं नुसते आकडे दिले. आकड्यांची रांग बघून कुणाला काही कळेना. चित्र हवं होतं. प्रेस चालू असेल तेव्हा हिरवी पट्टी, डाय बदलताना पिवळी, बंद पडली की लाल. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघत त्यानं वेब पेज बनवायला शिकून घेतलं, पण पट्ट्या काढणं जमेना. शोधता शोधता त्याला इंटरनेटवर एक फुकट साधन सापडलं. आकडे द्या, ते पडद्यावर आलेख काढून देतं. देशोदेशीच्या माणसांनी मिळून ते बनवलेलं. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. याला ओपन सोर्स म्हणतात हे नवनाथला तेव्हा कळलं.

त्या साधनाच्या कोडची फाइल त्यानं उतरवून घेतली, तिच्या डोक्यावर काही ओळी होत्या. बनवणाऱ्यांची नावं आणि खाली एक अट. नवनाथनं मोबाइलवर तिचं भाषांतर करून वाचलं. पैसे नकोत, परवानगी नको, ही नावं मात्र इथंच राहू द्या. एवढंच मागणं होतं.

त्यानं ते वाचलं, हे लक्षात ठेवायचं. नकळत झालं असं नाही. वाचून तो मनात म्हणाला, फुकट टाकलंय म्हणजे ट्रेमधलंच की. मग त्यानं त्या ओळी पुसल्या आणि त्या जागी लिहिलं: नवनाथ काळोखे, मेंटेनन्स. ही माणसं काम सोडून गेली आहेत का, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

भिंतीवर टीव्हीचा पडदा लागला आणि शॉप बदललं. मीटिंगमधली भांडणं थांबली. लाल पट्टी कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मालक गुरुदत्तसाहेब स्वतः इंजिनिअर. ते पडद्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे सगळं तू केलंस?

नवनाथ म्हणाला, हो साहेब.

साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पडदा दाखवू लागले. आमच्या इलेक्ट्रिशियननं मुळापासून बनवलाय, असं सांगू लागले. नवनाथ बाजूला उभा राहून ऐकायचा. खंडू मिस्त्री निवृत्त होऊन गावी बसले होते, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. माझ्या हाताखालचा पोरगा हाय, असं ते पारावर सांगत सुटले. साहेबांनी दुसऱ्या प्लँटमधलेही पडदे नवनाथच्या हाती द्यायचं ठरवलं. खंडेनवमीच्या पूजेला सगळ्यांसमोर जाहीर करतो म्हणाले.

पूजा दोन दिवसांवर आली असताना ब्राउझर अपडेट झाला आणि पट्ट्या एकमेकींवर चढल्या. हिरवं कुठं, लाल कुठं, काही समजेना. नवनाथनं फाइल उघडली. आत काय चाललंय हे त्याला कधीच कळलं नव्हतं. हत्यार वापरता येत होतं, खोलून दुरुस्त करता येत नव्हतं. मग त्या साधनाच्या चर्चेच्या पानावर त्यानं मोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली, पडद्याचा फोटो जोडला आणि घाईत आपली आख्खी फाइल तिथं टाकली. डोक्यावरच्या आपल्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत उत्तर आलेलं दिसलं. मराठीत होतं.

"नमस्कार. चूक तुमची नाही, ब्राउझर बदलल्यामुळे आमच्याकडे बिघाड झाला. दुरुस्त केलेली फाइल जोडली आहे. एक विनंती आहे. तुमच्या फाइलवरची नावं निघालेली दिसतात. चुकून निघाली असतील. परत घालाल का? तुमच्या पडद्यावर मराठी जोडाक्षरं नीट दिसतायत हे पाहून फार बरं वाटलं. ते काम माझं होतं. अबोली, रावेत."

नवनाथनं चहाचा ग्लास खाली ठेवला. कान तापले. बाई रागावली असती तर त्याला चार शब्द उलटे सुचले असते. तिनं आधी बिघाड काढून दिला होता, मग नावांचं विचारलं होतं, आणि तेही चुकून म्हणून. आणि ती सातासमुद्रापार नव्हती. इथंच जवळ, रावेतला होती.

त्या साधनाच्या पानावर कोडची कुठली ओळ कुणी कधी लिहिली त्याची नोंद राहते. अबोलीनं काय केलंय ते तो बघत बसला. आलेखाच्या तिरप्या पाटीवर मराठी शब्द फुटत. ‘दुरुस्ती’ लिहिलं की ‘दुरुस्’ एकीकडं आणि ‘ती’ दुसरीकडं. तिनं एकेक जोडाक्षर घेऊन तपासलं होतं. केलेलं काम इतरांनी परत पाठवलं होतं, तिनं पुन्हा केलं होतं, पुन्हा परत आलं होतं. एकदा तिनं लिहिलं होतं की मुलगी आजारी आहे, पुढच्या आठवड्यात पूर्ण करते. आणि केलंही होतं. नवनाथच्या पडद्यावर ‘दुरुस्ती’ पहिल्या दिवसापासून अखंड उमटत होती. ती आपोआपच तशी येते असं त्याला वाटलं होतं. सोललेल्या कोपरांची किंमत जाणणारा माणूस तो. दुसऱ्याची कोपरं त्यानं पुसून टाकली होती.

आपला मजकूर काढून टाकावा म्हणून त्यानं बटण शोधलं. पण तोवर तिथल्या इतरांनी तो वाचला होता. एकानं खाली आणखी एक सूचनाही लिहिली होती, मदतीची. त्यानं हात मागे घेतला.

नवी फाइल बसवली. पट्ट्या सरळ झाल्या. फाइलच्या डोक्यावर नावं परत आली. आता तिथंच थांबलं तरी चालणार होतं. अट पाळली गेली होती. शॉपमध्ये फाइल उघडून कोण बघतो? पण ‘हो साहेब’ हे त्यानं फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. तोंडानं म्हटलं होतं, लोकांसमोर. त्यानं पडद्यावर पट्ट्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ घातली. आलेखाचं साधन यांनी बनवलेलं, आणि मग सगळी नावं. अबोलीचंही.

खंडेनवमीला शॉप धुऊन काढलेलं. प्रत्येकानं आपली हत्यारं पुसून कापडावर मांडली होती, वर झेंडू. पडद्यालाही हार घातला होता. खंडू मिस्त्री धुतलेली टोपी घालून, गावातल्या दोघांना बरोबर घेऊन आले होते, पोरानं केलेलं दाखवायला. साहेबांची नजर पडद्याकडं गेली. ते नवनाथजवळ येऊन हळूच म्हणाले, "खाली हे काय लावलंयस? पाहुणे येतायत. आजच्यापुरतं काढ, उद्या लाव."

"नाही काढणार साहेब. ही नावं एकदा काढली होती."

साहेबांना कळेना. तेव्हा नवनाथनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चित्र काढणारं साधन आपलं नाही, लोकांनी मेहनतीनं बनवून सगळ्यांसाठी ठेवलेलं आहे, त्यांची नावं आपण पुसली आणि आपलं घातलं. मग समाधान, प्रेसवरचा ऑपरेटर, जोरात म्हणाला, "म्हंजे भावा, तू टीव्ही तेवढा टांगलास व्हय?"

हशा पिकला. सेन्सर माझे, वायरिंग माझं, असं नवनाथच्या ओठांवर आलं होतं. खरंही होतं ते. पण त्या घडीला ते बोलायची त्याला लाज वाटली. तो हसणं संपायची वाट बघत उभा राहिला.

खंडू मिस्त्री पडद्याजवळ गेले. एकेक नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. परदेशी नावं जमेनात, तिथंही बोट थांबलं, मग पुढं सरकलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही मान्सं काम सोडून गेल्याली व्हती का रं?"

"नाही मिस्त्री. रोज काम करतात."

मिस्त्रींनी मान हलवली. गावातल्या दोघांकडं बघितलं आणि परत नवनाथकडं. "मी समद्यांना सांगत फिरलो," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. पूजेनंतर जेवणाची पंगत बसली तेव्हा ते दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. नवनाथनं जिलबीचं ताट त्यांच्यापुढं नेलं. त्यांनी एक तुकडा घेतला, पण ‘इथं बस’ असं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या प्लँटचं त्या दिवशी जाहीर झालं नाही. पुढं बघू, असं साहेब म्हणाले. पाहुण्यांना पडदा दाखवताना त्यांनी खालची ओळ स्वतःच वाचून दाखवली, जरा घाईनं.

सगळे पांगल्यावर नवनाथ त्याच चर्चेच्या पानावर अबोलीला उत्तर लिहायला बसला. आधी बरंच लिहिलं. ट्रेचं, टूलरूममधल्या रिवाजाचं, कोडचे नियम आपल्याला कुणी शिकवले नव्हते त्याचं. वाचून बघितलं, सगळं पुसलं. मग एवढंच लिहिलं: "चुकून नाही, मी मुद्दाम काढली होती. परत घातली आहेत. माफ करा."

तिचं उत्तर आलं. आभार, आणि कारखान्याच्या उजेडात लाल आणि पिवळा रंग लांबून वेगळे दिसतात का, बघून सांगाल का? तिनं दुसरं काही लिहिलं नाही.

आता नवनाथ ते काम करतो. शॉपच्या पार टोकाला, प्रेसच्या मागं, दिव्याखाली उभं राहून पडदा बघतो आणि काय दिसलं, काय नाही, ते त्या पानावर लिहितो. लिहिण्यासाठी पान उघडलं की आधी जुना मजकूर लागतो. त्याचं नाव डोक्यावर घेतलेली फाइल, खाली त्याचीच कबुली. दोन्ही कुणालाही वाचता येतात. ते सरकवून तो खाली जातो.