पोफळीवरचा पानवेल

माघ सरत आला की आमच्या परसातली कामं अंगावर येत. थंडी गेलेली असे आणि ऊन अजून डोळ्यांवर यायचं असे. मिरचीची रोपं वाफ्यातून काढून सरीत लावायची, माठाचं बी राखेत कालवून फेकायचं, पोफळींची आळी मोकळी करून त्यांत शेणखत घालायचं, आणि आंब्याखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, टोपल्यांनी भरून बुंध्यांशी पसरायचा. आणि रोज संध्याकाळी विहिरीवरून पाणी. हे सगळं लिहायला सोपं आहे. करताना कंबर मोडायची आणि मी चिडचिड करायची. घरात माझ्या चिडण्याला कुणी फारशी किंमत देत नसे.

मी नववीत होते त्या वर्षी ही सगळी कामं माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. आई थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेली होती. बाबा शाळामास्तर, सकाळच्या एस.टी.नं जात ते दिवेलागणीला परत. उरली आत्या, बाबांची मोठी बहीण. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन गुहागरहून माहेरी आली आणि मग इथलीच झाली. आई गेल्यावर आठच दिवसांत ती विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मागच्या पडवीत खाट टाकून ती पडून राहिली आणि तिथून माझ्यावर राज्य करू लागली.

"काय गो, सरी झाली काय?"

"झाली."

"मग इथून मला वाकडी का दिसत्येय?"

मी पुन्हा जाऊन सरी सरळ करी. तिला पडवीतून वाफे दिसत, मिरच्या दिसत, पहिल्या चार पोफळी दिसत. शेवटची पोफळ तेवढी गोठ्याच्या आड होती, आणि तिच्यावरच पानवेल चढवलेला होता. तो दिसत नसल्यामुळे आत्याचा जीव खालीवर होई.

गुहागरला तिच्या सासरी मोठं आगर होतं. तिथून येताना तिनं अंगावरचे दागिने आणले नाहीत, भांडंकुंडं आणलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून वेलाचे दोन तुकडे तेवढे आणले. त्यांतला एक जगला. तिच्या त्या घरातलं तिच्याजवळ उरलेलं एवढंच. मी पाहिला तेव्हा तो दोन पुरुष उंच चढला होता, तळहाताएवढी तुकतुकीत पानं, आणि जवळ उभं राहिलं की नाकाला तिखट वास यायचा.

वाडीत कुणाकडेही सत्यनारायण असो, साखरपुडा असो, विड्याची पानं आमच्याकडून जायची. शेजारची काकू सांगायला यायची, मग आत्या अंघोळ करून, हात धुऊन, अंगठ्याच्या नखानं एकेक पान देठासकट खुडायची आणि केळीच्या पानात बांधून द्यायची. पानं जायची. आत्या जायची नाही. हळदीकुंकवाला तर तिला बोलावणंच नसे. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. सगळीकडे असंच होतं. आता आठवलं की राग येतो. पण तिचा चेहरा मला आठवतो, पानांची पुरचुंडी काकूच्या हातात देतानाचा. कुणाकडच्या मंगल कार्यात तिचं जे काही होतं ते त्या पुरचुंडीत होतं, आणि ते नीट जावं म्हणून ती फार जपायची.

वेलाचे नियम कडक होते. चपला घालून जायचं नाही. उष्ट्या हातानं शिवायचं नाही. आणि बाजूला बसलेल्या बाईनं त्याच्या दहा पावलं जवळ फिरकायचं नाही, नाहीतर वेल जळतो. मला पहिल्यांदा कावळा शिवला त्या दिवशी आईच्याही आधी आत्यानंच मला हे बजावलं होतं.

आळं मोकळं करायच्या दिवशी आत्यानं मला खाटेशी बसवून शिकवलं. "चार बोटंच खोल उकर. मुळं वरच असतात हो त्याची, विळा लागू देऊ नको. मग दोन टोपल्या शेण घाल, वर पातेरा. आणि रोज दोन घागरी. इकडचं जग तिकडे झालं तरी दोन घागरी." तिनं सांगितलं तसं मी सगळं केलं. परत आले तर तिनं माझे हात हातात घेऊन नखांतली माती पाहिली आणि "शहाणी" एवढंच म्हणाली. आत्याच्या तोंडून शहाणी हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. मी दिवसभर तरंगत होते.

तिसऱ्या दिवशी मी बाजूला झाले.

खरं तर सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर आत्या प्लास्टरचा पाय ओढत चुलीशी गेली असती, नाहीतर बाबांनी शाळेतून येऊन भात टाकला असता, आणि परसाला पाणी कुणी घातलं असतं? शिवाय कोपऱ्यात चटईवर बसून चार दिवस भिंत बघणं मला मनापासून नको असे. तेव्हा मी गप्प राहिले. कापडं गोठ्यात आडोशाला वाळत घातली. स्वयंपाक केला. तुळशीला पाणी बाबाच घालत, तो प्रश्न नव्हता. देवघराच्या दारावरून मी मान खाली घालून जात होते.

मिरच्यांना पाणी घातलं, माठाला घातलं, चारही पोफळींना घातलं. पाचवीपाशी माझे पाय अडले. बाकी सगळं मी मोडलं होतं, पण तिचा वेल जाळायची माझी हिंमत नव्हती. मी दहा पावलं मोजून उभी राहिले, भरलेल्या दोन घागरी घेऊन. मग त्या केळीच्या बुंध्यात ओतल्या आणि परत आले.

"वेलाला घातलंस?" आत्यानं विचारलं.

"घातलं."

"दोन?"

"दोन."

असे चार दिवस गेले. मी रोज खोटं बोलले आणि रोज मनात म्हणाले, शिवले तर नाही ना त्याला. ऊन त्या आठवड्यात एकदम चढलं. मोहरातला चिकटा गळून आंब्याखालची पानं पायाला चिकटत होती. पाचव्या दिवशी मी न्हाले, आणि आत्याला सांगितलं की डोकं मातीनं भरलं होतं. मग दोन घागरी घेऊन वेलाकडे धावले. खालची पानं पिवळी पडली होती. शेंडे मान टाकून लोंबत होते.

मी दोनच्या चार घागरी केल्या, सहा केल्या. सकाळी शाळेआधी जाऊन घातल्या. एकेक पान गळतच राहिलं. मला पक्कं कळून चुकलं होतं की माझी सावली त्याच्यावर पडली, किंवा शेजारच्या पोफळीला घातलेलं माझ्या हातचं पाणी मुरत त्याच्यापर्यंत गेलं. दहा पावलं मोजूनही माझ्यामुळे तो जळला, म्हणजे माझ्यात काहीतरी फारच वाईट असलं पाहिजे, असं मी धरून चालले. चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःबद्दल असं धरून चालणं किती भयंकर असतं ते मला ठाऊक आहे. मला जेवण जाईना. आत्या रोज विचारी, वेल कसा आहे, आणि मी सांगे, चांगला आहे.

शिमग्याच्या आधी प्लास्टर निघालं. काठी टेकत, शेजारच्या काकूचा हात धरून, आत्या पहिल्यांदा गेली ती गोठ्यामागे. मी मागून चालत होते. पोफळीला वाळकी दोरी गुंडाळावी तसा वेल चिकटून होता. वर पाच-सहा करपलेली पानं.

काकूनं लगेच हात मागे घेतला. "विटाळ झालेला दिसतोय हो वन्सं."

"ऊन लागलं असेल," आत्या म्हणाली, आणि काकूला घरी पाठवलं.

मग ती तिथेच दगडावर बसली. खोड हातात घेऊन तिनं नखानं साल उकरली. आत सगळं तपकिरी होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खरं सांग."

मी रडत सगळं सांगितलं. बाजूला झाले ते, लपवलं ते, स्वयंपाक केला ते. आणि मग, माझी बाजू थोडी तरी सावरावी म्हणून, मोठ्या कळवळ्यानं सांगितलं, "पण मी त्याला शिवले नाही हो आत्या. शपथ. दहा पावलं लांब राहिले. चार दिवस पाणीसुद्धा नाही घातलं."

तिचा हात अजून खोडावर होता.

"नवं शेण घातलंस, आणि चार दिवस पाणी तोडलंस," ती हळू म्हणाली. "शेण तापतं गो. मुळं भाजली त्याची."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. तिनं आजूबाजूला बघितलं. परसात आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला.

"मी इथे आल्ये तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तुझी आई येईपर्यंत दहा वर्षं. महिन्याचे चार दिवस कोण घालणार होतं त्याला पाणी? दुपारी सगळे निजले की मी यायची. दर महिन्याला शिवल्ये मी त्याला. काही होत नाही. पाण्यावाचून मरतो तो, शिवून नाही मरत."

"मग मला का सांगितलंत, जळतो म्हणून?"

"हे कळलं असतं तर कुणी पानं नेली असती काय माझी?"

मला तिचा इतका राग आला की मी उठून निघून गेले. गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडले. राग तिचा होता, पण दुःख वेलाचं होतं, आणि तिचंही होतं. ज्याच्यापासून मी एवढी जपून लांब राहिले, त्याला मी लांब राहूनच मारलं होतं. परत आले तेव्हा ती अजून तिथेच बसली होती, मांडीवर करपलेली पानं घेऊन. म्हणाली, "चूक माझी आहे." एवढं म्हणून तिनं उठायला हात पुढे केला.

श्रावणात बाबांनी पलीकडच्या वाडीतून नवा तुकडा आणून दिला. तो गुहागरचा नव्हता. आत्यानं तो त्याच पोफळीशी लावला, पण तिचं मन त्याच्यात यायला वेळ लागला.

पुढच्या माघात एका दुपारी मी मागच्या पडवीत बाजूला बसले होते. आता आई घरात होती, तेव्हा नियम पूर्वीसारखे चालू होते. काकू आली. तिच्याकडे पूजा होती. "नवा वेल धरलाय ना वन्सं? पाच पानं मिळाली तरी पुरे."

आत्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून, काकूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऊठ गो. वेलाला दोन घागरी घाल, आणि येताना पाच पानं खुडून आण."

आईनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. काकूनं कोपऱ्यातल्या माझ्या चटईकडे बघितलं, माझ्या वेगळ्या ताटाकडे बघितलं. "राहू दे हो," ती म्हणाली. "बाजारातून आणत्ये मी."

"बरं," आत्या म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तू जा गो. पाणी तर घालायलाच हवं."

मी गेले. त्यानंतर वाडीतल्या कुठल्याच पूजेला आमची पानं गेली नाहीत, आणि कुणी मागायलाही आलं नाही. वेल मात्र चढत गेला. माझं लग्न होऊन मी ते घर सोडेपर्यंत त्याला पाणी मीच घातलं, महिन्याचे तीसही दिवस.