धर्माने घातलेली फळ्यांची जमीन

गोराईचा धर्मा होड्या बांधायचा. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नाही. त्याचा एकुलता एक मुलगा नंदू बापाच्याच हातच्या होडीतून मासेमारीला गेला आणि होडीत पाणी भरलं. बाकीचे दोघे कसेबसे किनाऱ्याला लागले, नंदू लागला नाही. मग काय, गावाला विषय मिळाला. धर्माने घातलेला फळ्यांचा सांधा सुटला, बापानंच पोराला बुडवलं, असं लोक खुशाल बोलू लागले. मेल्यांना लाज नव्हती. धर्मा कुणाशी भांडला नाही, कारण त्याला तेच खरं वाटलं होतं. रडलाही नाही. वाढलं की जेवायचा, अंथरूण घातलं की पडायचा. होडीला मात्र हात लावीना.

वर्ष होत आलं तशी त्याची बायको कमळ कंटाळली आणि तिने जयवंतला गाठलं. जयवंत बोरिवलीत लाकडी कामाची कंत्राटं घ्यायचा. पंच्याऐंशी साल होतं, एका क्लबात बॅडमिंटनचा नवा हॉल चालला होता. खाली दीड-दीड फुटावर सागवानी कड्या आणि त्यांच्यावर फळ्या ठोकायच्या, एवढंच काम. त्यावर त्याने धर्माला लावलं. जयवंतने बजावलं, फळ्या सैल बसव, भिंतीलगत बोटभर जागा सोड, पावसाळ्यात लाकूड फुगतं. धर्माने मान डोलावली. ऐकलं कुणी होतं?

त्याचं डोकं सुन्न होतं, काम हात करत होते आणि हातांना होडीचीच सवय. होडीचं लाकूड फुगायलाच हवं, त्याशिवाय सांधे मिटत नाहीत. त्याने फळीला फळी घट्ट भिडवली, मध्ये कापूस ठोकला, वर राळ ओतली. भिंतीपर्यंत तेच. जयवंत आला तेव्हा कडेची पट्टीसुद्धा मारून झाली होती, खाली जागा सोडलीय की नाही ते दिसेना. झकास झालंय, म्हणाला तो.

आषाढात क्लबाचं बोलावणं आलं. जमीन मधोमध वीतभर वर उठली होती, बिचारा जाळीचा खांब तिरका उभा. जयवंतचा संताप झाला. वाट लावलीस, म्हणाला, जागा सोडायला सांगितली होती ना! धर्मा त्या उंचवट्यापाशी गुडघ्यांवर बसला. एकेका सांध्यावरून नख फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. कड्यांतले खिळे उपटून आले होते, पण फळीपासून फळी हटली नव्हती. नंदूच्या होडीला त्याने घातलेले सांधे असेच होते.

"जयवंत, नीट बघ रे," तो म्हणाला. "एक तरी सांधा सुटलाय?"

नाही सुटला, जयवंत वैतागून म्हणाला, आणि उद्यापासून येऊ नकोस.

तरीने खाडी ओलांडून धर्मा घरी आला. कमळ दारात सुकटीतला कचरा निवडत होती.

"नंदूची होडी माझ्या सांध्यानं नाय बुडाली," तो म्हणाला.

कमळचे हात थांबले. "मग कशानं बुडाली?"

वर्षभर धर्मापाशी निदान स्वतःला द्यायला दोष होता, आता तोही नव्हता. पोरगा गेला, एवढंच उरलं. तो तिच्या शेजारी खाली बसला आणि पहिल्यांदा नंदूसाठी रडला.